जमादारांचा एकच हुकूम

एकाच जागी, एकाच वेळी, तीन वेगवेगळ्या खात्यांच्या तीन माणसांना "इथचे मोठे साहेब तुमीच" असं सांगावं, तिघांनाही ते मनापासून पटावं आणि तरीही काम तडीस जावं, ही करामत मी आयुष्यात एकाच माणसाकडून पाहिली. ते आमचे जमादार. आमचे म्हणजे खरं तर पोलीस खात्याचे. जुन्या नागपुरातल्या एका ठाण्यात ते हवालदार होते; पण आमच्याकडे हवालदाराला जमादार म्हणायची रीत आहे, आणि यांना तर ते नाव असं चिकटलं होतं की त्यांची बायकोसुद्धा "जमादार, जेवाले चाला" अशी हाक मारायची. मी त्या काळात सरकारी रुग्णवाहिकेवर डॉक्टर होते. म्हणजे आमचा संबंध काय, तर लोकांच्या वाईट दिवशी आम्ही दोघं तिथं हजर असायचो. अशा ओळखीला मैत्री म्हणावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. जमादारांच्या बाबतीत न कळलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे, ही त्यातली पहिली.

लोकांना वाटतं, अपघात झाला की पोलीस, आगीचा बंब आणि रुग्णवाहिका भावंडांसारखे धावून येतात. येतात खरे भावंडांसारखेच; म्हणजे येतात आणि भांडतात. पोलिसाला वाटतं, पंचनामा होईपर्यंत कशालाही कोणी हात लावू नये. फायरवाल्याला वाटतं, आधी पत्रा कापावा, मग काय ते लिहा. आणि आम्हाला वाटतं, बाबांनो, आत एक माणूस आहे, तो आधी बाहेर काढा. त्यातून गाडी कुठं लावायची हा वाद तर रोजचा. आमची रुग्णवाहिका जवळ लावली की फायरवाले ओरडणार, पाइप कुठून टाकू, तुमच्या डोक्यावरून? लांब लावली की आमचा ड्रायव्हर कुरकुरणार, स्ट्रेचर घेऊन आता मॅरेथॉन पळायची का? आमच्या नोकरीत ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात. जमादारांना हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा त्यांनी त्या गृहस्थांना खालून वर न्याहाळलं, कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "मले कोणी सांगतलंच नाही गा, विमान चालोते म्हून." तेव्हापासून आमचे पायलट हे 'विमानवाले साहेब' झाले.

माझी त्यांची पहिली गाठ एका उलटलेल्या भाजीच्या टेम्पोपाशी पडली. रस्ताभर टमाटे, टेम्पोचा ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, फायरवाले पत्रा कापायच्या तयारीत आणि मी नोकरीला लागून जेमतेम आठवडा झालेली. नागपूरच्या महाल भागातल्या कारकुनाची मुलगी. आमच्या घरात मोठ्यानं बोलायचं काम फक्त रेडिओ करायचा. त्या गर्दीत माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचेना. तेवढ्यात टमाट्यांतून पाय उचलत उचलत एक बुटका, पोट सुटलेला, मिशांना हलकी मेंदी लावलेला पोलीस आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं मला सलाम केला. मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. "बाई," ते हळूच म्हणाले, "इथचे मोठे साहेब तुमीच. तुमी म्हणान तसं." मला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, मान धरल्याशिवाय पेशंटला हलवायचं नाही. माझं सगळ्यांनी ऐकलं. तो माणूस नीट बाहेर आला. त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं, आज मी एक अपघात सांभाळला.

महिन्याभरानं कळलं, त्याच दिवशी, त्याच टमाट्यांत उभं राहून, त्यांनी फायरसाहेबांनाही तेच सांगितलं होतं. फायरसाहेब म्हणजे अग्निशमन केंद्राचे अधिकारी. मूळचे साताऱ्याकडचे, उंच, तापट आणि एका कानानं अधू. वर्षानुवर्षं पंपाच्या घरघरीत उभं राहून त्यांचा उजवा कान गेला होता, पण हे ते मान्य करत नसत. उजवीकडून बोललेलं त्यांना ऐकू आलं नाही की बोलणाराच हळू बोलतो असं ते समजत. आणि जमादारांचे स्वतःचे साहेब, म्हणजे ठाणेदार, यांनाही घटनास्थळी पाय ठेवताच हेच ऐकायला मिळे. ठाणेदारांना तर ते खरंच वाटायला जागा होती. पण एकदा जमादार विमानवाल्या साहेबांच्या कानाशी लागून तेच सांगताना मी स्वतः पकडले. मी विचारलं, "जमादार, अहो एका जागी मोठा साहेब असतो तरी किती जण?" त्यांनी थोडा विचार केला. "बाई, गर्दी किती आहे त्याच्यावर हाये ते," असं म्हणून ते शिटी फुंकत निघून गेले. मी विनोद समजून हसले. घरी गेल्यावर वाटलं, विनोद नसावा.

त्यांच्या मदतीनं आम्ही घटनास्थळी लवकर पोचत असू की उशिरा, हेसुद्धा मला कधी ठरवता आलं नाही. फोनवर पत्ता सांगताना ते फक्त आता अस्तित्वात नसलेल्या खुणा सांगत. "लाकडाची टाल होती ना, तिथून डाव्या हाताले वळा. मंग ते कडुलिंबाचं झाड तोडलं, त्याच्या समोर." टाल, म्हणजे वखार, जाऊन वीस वर्षं झालेली, झाड मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि आमचे पायलट गोंदियाकडचे. एकदा अशा खुणांच्या मागं जाता जाता आम्ही सायरन वाजवत सरळ एका मंगल कार्यालयाच्या दारात शिरलो. वऱ्हाडी मंडळींनी भराभर वाट करून दिली. मुलीच्या काकांनी दार उघडून आम्हाला उतरवून घेतलं, का आलो ते विचारलंही नाही, आणि "आधी पाणी घ्या" म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. "बाई, कुठं हा तुमी?" मी म्हटलं, "लग्नात." मग जमादार अगदी समजूतदारपणे म्हणाले, "बरं. झालं का या मंग. इथं पाय मोडला एकाचा, पण तो थांबते म्हणते."

पण पोचल्यावर मात्र गाडीला जागा तयार असे. ते आमच्या आधी येऊन आपली मोटरसायकल रस्त्यात आडवी लावून ठेवत, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी. आमची गाडी आली की ती काढायची आणि आम्ही तिथं शिरायचं. एकदा मात्र आमच्या आधी बंब आला आणि मागं येता येता त्यानं मोटरसायकलचं मागलं मडगार्ड कागदासारखं दुमडलं. बंबाचा ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. जमादारांनी मडगार्डकडे पाहिलं, ड्रायव्हरला सलाम केला आणि म्हणाले, "काही हरकत नाही साहेब, जागा तर तेवढीच धरल्या गेली."

निरोप पोचवणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम. फायरसाहेब पलीकडून ओरडत, "त्या डॉक्टरीणबाईंना सांगा, गाडी हलवा म्हणावं तिथनं, नाहीतर पाण्यानं वाहून जाईल!" जमादार धापा टाकत माझ्याकडे येत आणि सांगत, "बाई, फायरसाहेब म्हणून राहिले का, तुमची गाडी मस्त लागली आहे, जराशी मागं घेतली तं अजून शोभन." मी गाडी मागं घेत असे. मग मी चिडून म्हणे, "त्यांना म्हणावं, पेशंटच्या अंगावर पाणी उडतंय, जरा डोळे उघडून मारा." ते जाऊन तिकडे काय सांगत कोण जाणे, फायरसाहेब माझ्याकडे पाहून हात हलवत आणि पाणी अजून जोरात मारत. सुमारे दोन वर्षं माझी खात्री होती की हा मनुष्य मला फार मानतो. त्यांचंही माझ्याबद्दल तेच मत होतं. एकदा जमादार रजेवर असताना आमची समोरासमोर गाठ पडली आणि पाच मिनिटांत आमचं असं कडाक्याचं वाजलं की दोघंही गोंधळून गेलो. आपलं तर इतकं चांगलं होतं, मग हे काय झालं? जमादार रजेवरून परत आले आणि आमचं पुन्हा छान चालू लागलं.

आता इतवारीच्या बाजारातला तो दिवस. वैशाखातली दुपार, लग्नसराई, भांड्यांच्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही. एका भांड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पुठ्ठे, गवत आणि कागद यांचा साठा होता, आणि तिथं सासू-सून अशा दोघी जणी भांड्यांना कागद गुंडाळायचं काम करत. आग लागली ती जिन्यात. जिना लाकडी आणि एकच. खिडकीला लोखंडी गज. आम्ही पोचलो तेव्हा गजांतून एक हात बाहेर आला होता, बांगड्या भरलेला, आणि तो हलत होता. अजूनही कधी कधी मला तो हात दिसतो.

गल्लीत हातगाड्या, टेम्पो, गिऱ्हाइकं. बंब तोंडाशीच अडकला. जमादार आमच्या आधी आलेले. त्यांनी माझ्या कानाशी येऊन ते नेहमीचं वाक्य म्हटलं, मग फायरसाहेबांच्या डाव्या कानाशी गेले, मग घामाघूम होऊन उतरलेल्या ठाणेदारांकडे. आणि सांगते, त्या दिवशी तिघंही खरोखरच मोठे साहेब झाले. ठाणेदारांनी दहा मिनिटांत गल्ली रिकामी करवली. फायरसाहेबांची माणसं पाइप ओढत आत धावली. मी ऑक्सिजनची दोन्ही सिलिंडर खाली उतरवून स्ट्रेचर शेजारच्या दुकानाच्या दारात नेऊन ठेवलं. कोणी कोणाला विचारत नव्हतं, कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. पण जिन्यावर पाणी मारलं की धूर वर चढत होता, आणि गजांतला तो हात आता हलायचा थांबला होता.

शेजारचं दुकान साड्यांचं. दोन इमारतींच्या मधली भिंत एकच, जुनी, एका विटेची. साड्यांच्या दुकानाच्या माळ्यावरून ती फोडली की पलीकडे त्या दोघी. पण दुकानाचे मालक दारात आडवे उभे होते. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "माळा कच्चा आहे, साहेब, सगळा माल वर आहे, सीझनचा माल आहे. आणि भिंत दोघांची आहे. परवानगी कोणाची? इथं मोठं कोण आहे ते तर सांगा!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "मी." मालक एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे बघत राहिले.

आणि मग कोणीतरी ओरडलं, भिंत फोडा.

कोणीतरी ओरडलं एवढं नक्की, कारण फायरवाले मालकांना बाजूला सारून लगेच घण घेऊन माळ्यावर चढले. तिसऱ्या घावाला भिंत आत कोसळली. आधी सून बाहेर आली, रडत, खोकत, स्वतःच्या पायांवर. मग दोघा जवानांनी सासूला हातावर उचलून आणलं. ओठ निळे पडलेले, नाकाभोवती काजळी. मी तिथंच साड्यांच्या गाठोड्यांवर तिला आडवं करून ऑक्सिजन लावला. आमच्या पायलटनी बंबाच्या बाजूनं काढून गाडी पूर्ण गल्लीभर उलटी आत आणली, आणि गाडीच्या मागं, म्हणजे पुढं, जमादार उलटे पळत होते, दोन्ही हात हलवत, "या साहेब, या, या," करत. दवाखान्याच्या दारात त्या बाईनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "सुनबाई कुठं हाये?" दोघी वाचल्या.

माळा मात्र कोसळला. माणसं उतरल्यावर, अगदी शेवटी, सगळ्या मालासकट, खालच्या पाण्यात. मालकांनी तक्रार केली, आणि ती करणं त्यांच्या बाजूनं बरोबरच होतं. चौकशी बसली. एका मोठ्या कचेरीत लांब टेबलाभोवती आम्हाला बसवलं. चौकशी करणारे अधिकारी शांत, चष्मा लावलेले, कागद सरळ करायची सवय असलेले. पहिला प्रश्न त्यांनी सहज म्हणून विचारला. "घटनास्थळी प्रमुख कोण होतं?" तीन हात वर गेले. माझा, फायरसाहेबांचा, ठाणेदारांचा. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हात तीनच होते. "ठीक आहे," ते म्हणाले, "मग मालकाची परवानगी न घेता भिंत फोडायचा हुकूम तुमच्यापैकी कोणाचा? कारण त्याच्यावर कारवाई होईल."

मी माझा हात खाली घेतला.

दुसऱ्यांचं मी पाहिलं नाही. वर पाहिलं तेव्हा त्यांचेही खाली होते. मी मनात घाईघाईनं आठवत होते, मी म्हणाले होते का? म्हणायला तोंड उघडल्याचं आठवत होतं. आवाज निघाल्याचं आठवत नव्हतं. आणि मग दाराशी उभ्या असलेल्या, ठाणेदारांची फाइल घेऊन नुसतेच सोबत आलेल्या, ज्यांना त्या खोलीत कोणी बोलावलंही नव्हतं अशा जमादारांनी सलाम केला.

"साहेब, हुकूम माहा होता."

"तुम्ही कोण?"

"जमादार, साहेब."

"भिंत फोडायचा हुकूम देणारे तुम्ही कोण?"

"तेच तं म्हणतो साहेब. मी कोणीच नाही. मोठ्या लोकायले नियम पाहा लागते. मले माहीतच नव्हता, मंग पाहू काय?"

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. त्या वर्षी जमादारांना खांद्यावर पहिला तारा लागायचा होता, सहायक फौजदार म्हणून. तो थांबला. रस्त्यावरची ड्यूटी काढून त्यांना मुद्देमालाच्या खोलीत बसवलं; जप्तीच्या सायकली आणि गंजलेल्या तलवारी सांभाळायला. तिथूनच ते जमादार म्हणून रिटायर झाले. निरोपाला मी गेले नाही. ड्यूटी होती, असं मी स्वतःला सांगितलं. ड्यूटी होतीही.

त्यांच्या जागी आलेले हवालदार हुशार होते. गर्दी अडवायला फीत बांधायचे, पत्ता अचूक सांगायचे, निरोप शब्दशः पोचवायचे. त्यामुळे फायरसाहेब माझ्याबद्दल काय बोलतात ते मला पहिल्यांदाच जसंच्या तसं कळू लागलं. असंच एकदा दोघं चिडून समोरासमोर उभे असताना ते मधेच थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? त्या दिवशी 'भिंत फोडा' मीच म्हणालो ना?"

मी म्हटलं, "मला वाटत होतं, मी म्हणाले."

आम्ही दोघं बंबाच्या पायरीवर बसलो. फायरसाहेब म्हणाले, खरं तर त्यांना कोणाची परवानगी लागतच नव्हती. आगीत माणूस अडकला असेल तर भिंत फोडायचा अधिकार त्यांना नियमानंच होता. त्यांनी तेव्हा नुसतं "मी" म्हटलं असतं, तर चौकशी पाच मिनिटांत मिटली असती. "मग म्हणाला का नाहीत?" मी विचारलं. त्यांनी आपला उजवा कान चोळला. "दुसरा प्रश्न मला नीट ऐकू आला नाही," ते म्हणाले. त्यांना स्वतःचा कान अधू आहे हे मान्य करताना मी त्याच एका वेळी ऐकलं. ते खरं होतं की नाही, मी विचारलं नाही. मलाही कोणी काही विचारायला नको होतं.

यानंतर फायरसाहेबांनी एक अर्ज तयार केला. हुकूम आपला होता, नियमाला धरून होता, जमादारांवरचा ठपका काढून टाकावा, थांबलेला तारा कागदावर तरी द्यावा. त्यावर, हुकूम जमादारांनी दिला नव्हता, अशी त्यांची सही हवी होती. फायरसाहेब स्वतः अर्ज घेऊन त्यांच्या घरी जाऊन आले आणि सहीविनाच परतले. ठाणेदारांनीही फोन केला होता म्हणे. त्यांचं म्हणणं, हुकूम बहुधा आपलाच असावा. शेवटी तो अर्ज घेऊन मी गेले.

नंदनवन वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दुपारची वेळ. मिशांची मेंदी उतरली होती. बारीक झाले होते. मला पाहून ते उभे राहिले, हात कपाळाकडे जायला निघाला आणि अर्ध्यातच थांबला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा ठेवला आणि आतूनच म्हणाल्या, "तुमी तरी सांगा वं बाई यायले. एवढा मोठा साहेब घरी आला, सही मांगून राहिला, आन् हे म्हणते नाही देत."

मी समजावायला सुरुवात केली. ठपका निघेल, नाव स्वच्छ होईल, आणि खरं सांगायचं तर हुकूम कदाचित माझाही असेल, मी त्या दिवशी हात खाली घ्यायला नको होता. जमादार पाटावर बसून ऐकत होते. अर्ज त्यांच्या गुडघ्यावर होता. बराच वेळ ते त्याच्याकडे गोंधळून बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावर आलेला होता.

"बाई," ते म्हणाले, "फायरसाहेब आले, म्हणे हुकूम माझा. ठाणेदार साहेबाचा फोन आला, म्हणे माझा. आता तुमी म्हणता माझा. मंग मी काय केलं?"

त्यांनी अर्ज गुडघ्यावर सरळ केला.

"अख्ख्या नोकरीत मी दुसऱ्यायचे हुकूम ऐकले. जो आला त्याचा ऐकला. एक देल्ला. जिंदगीत एक. दोन बाया जित्या निंघाल्या त्याच्यानं. त्या सासूबाईनं मागच्या पोळ्याले घरी बोलावून पुरणपोळी चारली मले. आता तोही वापस मांगून राहिले का तुमी लोक?"

रागावून नाही म्हणाले ते. अगदी खरंच विचारत होते.

मी अर्ज त्यांच्या गुडघ्यावरून उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "नाही," मी म्हटलं. "हुकूम तुमचाच होता. मी तिथंच उभी होते."

"ऐकला तुमी?"

"ऐकला."

"जोरात होता?"

"खूप जोरात."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पाह्य वं," ते आत ओरडले, "डाक्टरीणबाईनं ऐकला सोता!" मग चहा आला, आणि त्यांनी मला तो सगळा दिवस सांगितला. मालक कसे दारात उभे होते, आम्ही तिघं कसे एकमेकांकडे बघत होतो, खिडकीतला हात कसा थांबला, आणि मग आपल्या पोटातून तो आवाज कसा निघाला. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी तो आधी पन्नास वेळा ऐकला असणार, पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं. मी मान डोलावत राहिले. जिथं ते अडले, तिथं मी आठवण करून दिली.

मी आता रुग्णवाहिकेवर नाही. माझा छोटा दवाखाना आहे. जमादारांची भेट फारशी होत नाही. अर्ज माझ्याकडेच राहिला, फायरसाहेबांनीही परत मागितला नाही. पण त्या दुपारी त्यांच्या घरून निघाले, स्कूटर सुरू केली आणि कोपऱ्यावर वळता वळता मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, इतवारीतला, धुरातून आलेला: "फोडा गा ते भिंत!" फायरसाहेब साताऱ्याचे, ते कोणाला आमच्याकडचं 'गा' म्हणणार नाहीत. ठाणेदार रागावले की हिंदीत बोलत. आणि मी तर जन्मात कोणाला 'गा' म्हटलेलं नाही. हे मला खरोखरच आठवलं, की त्यांच्या घरी चहा पिता पिता त्यांनी ते मला देऊन टाकलं, हे मी ठरवू शकत नाही. ठरवायचा आता प्रयत्नही करत नाही.